पस्तीस मिलिग्रॅम जास्त

मामाच्या चहात गोळी कुटून घालायची कल्पना माझी. ती कुटायला त्याच्याच पेटीतलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन वापरायची कल्पनाही माझीच. यात आईचा हात नाही, तिने फक्त पाठ फिरवली होती. खलबत्ता वाजला असता, आणि वाटीच्या बुडाखालून गोळी निसटत होती. तेवढ्यात मामाच्या टेबलावर ते वजन दिसलं. जड, गुळगुळीत, मुठीत मावणारं. कागदावर गोळी ठेवली, वर वजन टेकवून गोल फिरवलं, पिठासारखी पूड झाली. वजन विजारीला पुसलं, पेटीतल्या खाचेत परत ठेवलं आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन चहा गाळायला घेतला.

ज्याला वजनकाट्यांतलं थोडंफार कळतं, त्याने इथेच कपाळाला हात लावला असेल.

मामा काटे दुरुस्त करतो. दुकानातले तराजू, गोदामातले पोती मोजायचे काटे, सोनारांकडचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, आणि आता जिथेतिथे झालेले लाल आकड्यांचे. ती मखमलीची पेटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यातल्या वजनांवर बाकीची वजनं तपासायची असतात, म्हणून त्यांना उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. मामा ती चिमट्याने उचलतो, मोठी असली तर मऊ कापडाने. मी पाच वर्षांचा असताना त्यातलं एक चोखलं होतं, ते त्याने मला बावीस वर्षं ऐकवलंय.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "दिवसभर दोन पारडी एका पातळीत आणायचं काम करतो. घरी आल्यावरही तेच कशाला?" आमच्या घराची पुढची खोली त्याची. तिथेच त्याचं काम, तिथेच त्याची खाट. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, आणि खोलीभर पितळ घासायच्या औषधाचा वास. मला तो पासंग म्हणायचा. काट्याची दोन पारडी जुळत नसली की हलक्या बाजूला एखादा खडा किंवा वायसर बांधतात, तो पासंग. "हा आमचा पासंग," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "स्वतःचं वजन काही नाही, पण याच्याशिवाय घर तिरकं होतं." मी विमा कचेरीत कागद लावतो. त्यामुळे पहिला भाग खरा आहे.

संशय हे त्याच्या धंद्याचं हत्यार. पारड्याखाली चिकटवलेलं नाणं, दांडीच्या टोकाला लावलेलं मेण, काट्याखाली दडवलेलं चुंबक, हे त्याला दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. दुकानदार त्याला शिव्या घालायचे आणि काटा बिघडला की त्यालाच बोलवायचे.

म्हणूनच आम्हाला कळायला सहा महिने लागले. सुताराच्या घरात भुसा दिसला तर कोणी घाबरत नाही. काटेवाल्याने संशय घेतला तर आम्ही का घाबरावं?

पहिल्यांदा तो म्हणाला, कोपऱ्यावरचा किराणावाला मला बघितलं की डाव्या हाताने तोलतो. आई म्हणाली, "तोलत असेल. आहेच मेला तसा." मग म्हणाला, चार दुकानदार एकत्र आलेत, माझ्यामागे माणसं लावलीत. आम्हाला तेही पटलं. त्याने पकडलेल्यांची यादी काढली असती तर चारच काय, चाळीस निघाले असते.

मग सील सुरू झाली. दुरुस्त केलेल्या काट्याच्या स्क्रूमधून तो तार ओवतो, तारेच्या गाठीवर शिशाचा मणी दाबतो, आणि दाबायच्या पकडीत त्याची खूण कोरलेली असते. मागाहून कोणी काटा उघडला तर लगेच कळतं. हे सील त्याने आधी हत्यारांच्या पेटीला मारलं, मग कपाटाला, मग खिडकीच्या कडीला. मी हसलो.

"मामा, माझ्या तोंडालाही मार की एक."

"तुझ्या तोंडाला पुरेल एवढं शिसं बाजारात नाही."

असा विनोद करणारा माणूस आजारी असेल असं कोणाला वाटेल? मला तरी वाटलं नाही. झोप गेली तेव्हाही नाही. आठ-आठ दिवस तोच सदरा दिसायला लागला तेव्हा आईने साबण महाग झाल्यावरून टोमणा मारला, एवढंच. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, मान तिरकी करायचा, जणू भिंतीपलीकडून कोणी हाक मारतंय, आणि हळूच काहीतरी उत्तर द्यायचा.

"कोणाशी बोलतोयस?"

"तुझ्याशी नाही."

इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा असताना कधी कधी आकडा उगाच लुकलुकतो. शून्य, दोन, शून्य, पाच. वाऱ्याने होतं, हे त्यानेच मला शिकवलं होतं. आता तो ते आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. खिडकीखाली किती माणसं उभी आहेत ते काटा सांगतो, म्हणायचा.

शेवटी आमचे डोळे उघडले ते त्या किराणावाल्याने. मामाने त्याचा काटा एका आठवड्यात तीनदा खोलला होता, भर दुकानात, गिऱ्हाइकं ताटकळत असताना. तिसऱ्या वेळी म्हणाला, आत दोघंजण माझ्याबद्दल बोलतायत, त्यांना बाहेर काढ. किराणावाला संध्याकाळी घरी आला. भांडायला आला असेल म्हणून आई पदर खोचून तयार. तो खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "बाई, मी याच्याशी वीस वर्षं भांडतोय. आज दुकानात जो भांडत होता, तो हा नव्हे. याला कोणाला तरी दाखवा."

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तासभर एकट्या मामाशी बोलून मग आम्हाला आत घेतलं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालणाऱ्या, आखूड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "याला सायकोसिस म्हणतात. हा स्किझोफ्रेनिया आहे का दुसरं काही, ते पुढच्या काही महिन्यांत नक्की कळेल. उपचार थांबायचे नाहीत. आवाज त्यांना खरोखर ऐकू येतात. ढोंग नाही, हट्ट नाही. तुमच्या लाडाने झालेलं नाही, आणि लग्न लावून बरं होणार नाही." आईने विचारायला उघडलेलं तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाला, "बाईंचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

रोज संध्याकाळी एक गोळी. तीन आठवड्यांत मामा झोपायला लागला, अंघोळीला जायला लागला, भिंतीवरचे आकडे थांबले. आई शेजारणीकडे जाऊन दोन तास बसून आली. चौथ्या आठवड्यात मला शिशाच्या मण्यांच्या डबीत पाच गोळ्या सापडल्या, थोड्या विरघळलेल्या. गालात धरून ठेवत होता.

"का घेत नाहीस?" मी विचारलं. आईने विचारलं. शब्द 'का' होता, पण आमचा सूर 'खबरदार' असा होता. तो "नको" म्हणाला आणि काम करायला लागला. पुन्हा कोणी विचारलं नाही. आणि मी चहाची युक्ती काढली.

पंधरा दिवस घरात शांतता होती, पण कसली? संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो की आई उगाच ओटा पुसायला वळायची. मी कप ठेवला की दोघंही मामाच्या गळ्याकडे बघायचो, घोट उतरतोय ना म्हणून. मामा आमच्याकडे बघायचा. एकदा मीच माझा चहा पिण्याआधी हुंगला. घरात आम्ही तीन माणसं, आणि तिघांवर तिघांचं लक्ष.

सोळाव्या दिवशी रविवार होता. कचेरीला सुट्टी. मामाने पुढच्या खोलीतून हाक मारली, "ताई, इकडे ये. तूही ये रे." टेबलावर काचेच्या पेटीतला बारीक काटा, त्याच्या एका पारड्यात दोनशेचं वजन.

"पस्तीस मिलिग्रॅम जास्त," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. "मागच्या महिन्यात बरोबर होतं." त्याने कापडाने वजन उचललं आणि उलटं करून दिव्याखाली धरलं. तळाला शिसं भरायचं छोटं भोक असतं, त्याच्या कडेच्या खाचेत पांढरी पूड घट्ट बसली होती.

"माझ्या चहात काय घालता?"

आईने माझ्याकडे बघितलं. आणि मी, विमा कचेरीत रोज दुसऱ्यांच्या थापा वाचणारा माणूस, पटकन बोलून गेलो, "काही नाही मामा. तुला उगाच तसं वाटतंय."

गोळी घालणं ही चूक होती. ही त्याहून मोठी. त्या खोलीत खरं बोलणारा तो एकटा होता, आणि ज्याचं डोकं फिरलंय असं आम्ही ठरवलं होतं तोही तोच.

मामाने वजन घासून पुसून ठेवलं. त्या दिवसापासून त्याने आमच्या हातचं खाणं सोडलं.

पाण्याच्या बाटलीला सील. डब्याला सील. खाण्याला मात्र सील मारता येत नाही, म्हणून तो सोलून खायच्या गोष्टींवर आला. केळी, शेंगा आणि अंडी. अंडी स्वतः आणायचा, स्वतः उकडायचा, आणि उकडण्याआधी दिव्यासमोर धरून कुठे टोचलंय का बघायचा. आई रोज त्याचं ताट वाढून ठेवायची आणि रोज तसंच उचलायची. दहा दिवसांत त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. पेन्सिलीचे आकडे भिंतीवर परत आले, आणि या वेळी छताजवळ पोहोचले. शेजारी सांगायला लागले, चार माणसं बोलवा, बांधून न्या.

आईने मला कोपऱ्यात घेतलं. "त्याला बांधून नेलं ना, तर तो या घरात परत येणार नाही. आला तरी माझ्या हातचं पाणी पिणार नाही. तू केलंयस, तूच निस्तर."

मी एकटाच डॉक्टरबाईंकडे गेलो आणि सगळं ओकलो. त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला.

"त्यांना न सांगता औषध द्यायचं कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"आणि विचारल्यावर खोटं बोललास. संशय हाच ज्याचा आजार, त्याला तू पुरावा दिलास. आता जाऊन सांग."

"मारेल हो तो."

"कधी मारलंय?"

"नाही."

"मग दार उघडं ठेव, आईला जवळ उभी कर, आणि सांग. सगळं सांग, अर्धं नको. माणसं दिसतात असं ते म्हणाले तर आहेत म्हणू नकोस, नाहीत म्हणून वादही घालू नकोस. तुला काय दिसतं ते बोल. आणि जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा आली, किंवा खाणंपिणं पार सुटलं, तर माझी वाट न बघता सरळ इथे घेऊन ये."

दुपारी मी पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. मामा शेंगा सोलत होता.

"मामा, चहात गोळी होती. मी घालत होतो. पंधरा दिवस."

त्याने शेंग खाली ठेवली. मग इन्स्पेक्टरसारखं सुरू केलं.

"कोणत्या वारापासून?"

"शनिवारपासून."

"साखर जास्त का असायची?"

"कडू लागू नये म्हणून."

"ताईला माहीत होतं?"

दारामागून आई म्हणाली, "होतं रे."

"कुटली कशाने?"

"तुझ्या दोनशेच्या वजनाने."

"कापडाने धरून?"

"...हाताने."

तेव्हा तो पहिल्यांदा उठला. "हाताने? गोळीचं राहू दे गाढवा, वजन हाताने उचललंस? आणि पुसलंस कशाला?"

"विजारीला."

मामाने पेटी जवळ ओढली आणि परत खाली बसला. इतका दुखावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मग म्हणाला, "म्हणजे मला वाटत होतं ते खरं होतं."

"हो. ते खरं होतं."

"मग खिडकीखालची दोघं?"

"मला दिसत नाहीत मामा. ऐकूही येत नाहीत. पण तुला येतात आणि तू घाबरतोस, एवढं मला दिसतं."

त्याने डोळे बारीक केले. "हे बाईने पढवलं?"

"हो."

"वाटलंच. तुझी वाक्यं एवढी सरळ नसतात."

मग त्याने चिमटा घेतला, पेटीतून एक ग्रॅमचं वजन उचललं आणि हवेत धरून ठेवलं. बराच वेळ. "बघ. हात हलतोय का?"

"नाही."

"गोळी घेत होतो तेव्हा हलायचा. तीन आठवड्यांत सोनाराची दोन कामं परत पाठवली, धरता येईना. गोळी सोडली, हात थांबला. मग परत हलायला लागला. गोळी घेत नाही तर हात का हलतो? पोटात काहीतरी जातंय. घरातलं सगळेच खातात, माझ्या एकट्याच्या हातात येतो तो चहा. म्हणून वजनं तपासायला बसलो."

मी विमा कचेरीत इतका नेटका तपास पाहिलेला नाही.

"अरे, मग हाताचं सांगायचं होतंस आम्हाला!"

"काटेवाल्याचा हात हलतो हे सांगायचं? कोणाला? तुला? संध्याकाळपर्यंत बाजारात झालं असतं." मग खिडकीकडे मान करून खालच्या आवाजात म्हणाला, "आणि ते सांगू देत नव्हते."

आई आत आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "हाताचं दाखवायला येशील? फक्त हाताचं?"

"हाताचं. डोक्याचं नाही."

"बरं, डोकं घरी ठेव," मी म्हणालो. आईने मला कोपर मारलं, पण मामाच्या ओठाचा एक कोपरा हलला.

डॉक्टरबाईंनी आधी हाताचंच ऐकून घेतलं. म्हणाल्या, अशी थरथर या गोळीने होऊ शकते, आणि पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं, ते माझंही चुकलं. दुसरी गोळी आहे, तिने हाताला त्रास कमी व्हावा. मात्र तिने वजन वाढू शकतं.

"वाढू दे," मामा म्हणाला. "मोजता येतं ते." आणि इस्पितळाच्या काट्यावर उभा राहून खाली उतरल्यावर नर्सला सांगितलं, तुमचा काटा चारशे ग्रॅम खातो.

गोळ्यांची पद्धत त्याने स्वतः ठरवली. औषधाच्या दुकानातून पाकीट तो स्वतः आणणार. पत्र्याच्या डबीत ठेवून वर त्याचं सील. रोज संध्याकाळी आईसमोर सील तोडायचं, गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, नवं सील मारायचं. बाईंनी विचारलं, आजार परत येतोय हे आधी कशावरून ओळखाल? झोप, असं आई म्हणाली. अंघोळ, मी म्हणालो. मामा विचार करून म्हणाला, "कामाशिवाय दुसरं सील दिसलं की." आता दाराच्या मागे खडूने तेच लिहिलंय: सलग दोन दिवस झोप नाही, किंवा काम आणि डबी सोडून कुठे सील, तर बाईंकडे. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा पाण्याच्या बाटलीला सील दिसलं. आई काही बोलायच्या आत मामाच म्हणाला, "चल, जाऊन येऊ." तेव्हा गोळी थोडी वाढवली होती.

याला आता दीड वर्ष झालं. मामा अर्धा दिवस काम करतो. पोट सुटलंय, पट्ट्याची जुनी भोकंही अपुरी पडतात. किराणावाल्याने काटा परत त्याच्याकडे दिला आणि पहिल्याच दिवशी दोघं कचकचून भांडले. आईने ते ऐकून समाधानाने भाजी निवडली. खिडकीखालची माणसं पूर्ण गेलेली नाहीत. "आहेत," तो म्हणतो, "पण हल्ली रस्त्याच्या पलीकडून बोलतात." आईचं जेवण तो गोळी बदलली त्याच आठवड्यात खायला लागला होता. आधी ती खायची, मग तो.

राहिला माझा चहा.

"पंधरा कप नासवलेस," तो एकदा म्हणाला. "एक तरी धड कप देणं लागतोस." म्हणून दर रविवारी मी चहा करतो. तो ओट्याशी उभा राहून बघतो. साखर, पावडर, दूध, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर. गाळून दोन कप भरतो, कुठला घ्यायचा ते तो ठरवतो, मी आधी पितो. मग तो हुंगतो, कप फिरवतो, ठेवून देतो आणि स्वतःचं पातेलं चढवतो.

गेल्या रविवारी कप त्याच्या ओठापर्यंत गेला. खरंच गेला, वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. आणि, सवय वाईट, माझी नजर कोपऱ्यातल्या केराच्या टोपलीकडे गेली. तिथे गोळ्यांची रिकामी पट्टी पडली होती. दहा खळगे फुटलेत का, हे मी मनातल्या मनात मोजत होतो. टोपलीत पट्टी दिसली की मोजतो. त्याला माहीत नाही असं मला वाटत होतं.

चष्म्यावरची वाफ उतरली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"किती भरल्या?"

"...दहा."

"बरोबर आहे." त्याने कप खाली ठेवला. "तू मोजणं सोड, मी हुंगणं सोडतो."

"सोडलं. आत्ताच सोडलं. पी ना मामा."

"पुढच्या रविवारी बघू. हा गार झाला, ओतून टाक."

गार झाला नव्हता. मी ओतून टाकला, आणि त्याने आपलं पातेलं गॅसवर चढवलं.